आईचा हातगुण

९ डिसेंबर

या डायरीवर शाळेचं बोधचिन्ह आणि खाली 'शिक्षक दैनंदिनी' असं छापलेलं आहे. मी जूनपर्यंत रजेवर, त्यामुळे पाठटाचण काढायचं नाही, आणि कोरी पानं बघून मला चैन पडत नाही. म्हणून उतूबद्दल लिहिते. सध्या डोक्यात दुसरं काही नाहीच.

उतू म्हणजे उत्कर्षा, माझी मुलगी, साडेतीन महिन्यांची. बाळंतपण माधवनगरला आईकडे झालं. गेल्या आठवड्यात आम्ही सासरी आलो. इस्लामपूरपासून थोडं आत, उसाच्या मळ्यातलं घर. माझा नवरा जयराज फौजेत, राजस्थानात, त्यामुळे घरात आत्या, मामा आणि आम्ही दोघी. (सासूबाईंना आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची इथली पद्धत.) आल्यापासून उतूचे गाल लाल झालेत, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत कातडी खरबरीत झालीय. सारखं डोकं उशीवर घासते. आत्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "इसब हाय ह्ये." लगेच डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवायला घेतली.

मी आठवीला विज्ञान शिकवते. पीठ लावू दिलं नाही, आज तिला इस्लामपूरला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. कोमट पाण्यानं थोडकी अंघोळ, अंग टिपायचं, चोळायचं नाही. ओलसर आहे तोवरच साधं जाड मलम भरपूर थापायचं, आणि दिवसभरात पुन्हा पुन्हा. लालभडक झालेल्या जागीच एक औषधी मलम, तेही पातळ आणि सांगितलेत तेवढेच दिवस. नखं कापलेली हवीत. लोकरीचं काही अंगाला लागू द्यायचं नाही. डाळीचं पीठ एकदम बंद.

"पूर्ण बरं होईल ना?" मी विचारलं.

"मोठी होईल तसं बहुतेक मुलांचं कमी होतं. तोवर येईल, जाईल. घरात कुणाला इसब, दमा, सतत शिंका?"

मी नाही म्हटलं. माझ्या दादाचा दमा रिक्षात बसल्यावर आठवला. पण तो धुळीनं झालेला आहे, आई नेहमी सांगते.

घरी येऊन पीठ बंद असं सांगितलं. आत्या म्हणाल्या, "बरं बाई. तुजी पोरगी." आवाजाला धार होती.

२१ डिसेंबर

गाल बरे आहेत. गुडघे तसेच. येईल, जाईल म्हणे. मला असलं उत्तर आवडत नाही. शाळेत एखाद्या पोरानं असं उत्तर लिहिलं तर मी अर्धा गुण कापीन.

आत्यांचं वेगळंच. "आसं मलमानं दाबू नगंस. इसब आत गेलं की छातीत बसतं." मी हसले. मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आमच्यात कुणाला असलं न्हाई. तुमच्यात हाय का कुणाला?"

मी ठणकावून नाही म्हटलं. तरी आईला फोन केलाच. "छे, छे," आई म्हणाली, "आपल्यात कुठलं? इथे होती तोवर एक पुटकुळी तरी होती का अंगावर?" आणि लगेच संक्रांतीला कधी येतेस ते विचारायला लागली. खरंच की, तिथे एक पुटकुळी नव्हती. मग इथे कशानं होतंय? आत्या माझ्यामागे काही लावत तर नसतील?

१५ जानेवारी, माधवनगर

काल उतूचं बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या. गल्लीतली पोरं गोळ्यांवर तुटून पडली आणि उतू त्यांच्याकडे न्यायाधीशासारखी बघत बसली. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात काकू वाकून म्हणाली, "अगं बाई, गालाला काय झालंय हिच्या? मुलीची जात, डाग राहायचे."

आईनं उतूला उचललं आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात वळवलं. "थंडीनं फुटलेत," म्हणाली. नंतर फोटो काढतानासुद्धा तिनं उतूला तसंच धरलं होतं. त्यामुळे बोरन्हाणाच्या सगळ्या फोटोंत उतूचा नुसता कान आला आहे. आईचं हे जुनंच आहे. माझ्या लग्नात तिनं दादाला त्याचा दम्याचा पंप खिशात ठेवू दिला नव्हता, पाहुण्यांत बरं दिसत नाही म्हणून. दादा अख्खं लग्न तोंड वासून श्वास घेत होता, आणि सगळे म्हणत होते भाऊ किती भावुक झालाय.

आज सकाळी म्हणाली, "तुझ्या डॉक्टरचं राहू दे बाजूला. मी शंभर पाण्याचं तूप करते."

२० जानेवारी, माधवनगर

चमत्कार हा शब्द मी वर्गात वापरू देत नाही. पण दुसरा शब्द कुठून आणू?

शंभर पाण्याचं तूप म्हणजे गाईचं तूप तांब्याच्या परातीत पाणी घालून फेसायचं, ते पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं, असं शंभर वेळा. मी मदतीला जाते म्हटलं तर आई म्हणाली, "तू झोप जरा, बाळंतिणीची झोप झालेली नाही." मी उठले तोवर डबी भरून तयार. पांढरंशुभ्र, हलकं. तुपाचा वास नावाला नाही, किंचित औषधासारखा वास येत होता. पाण्यात कडुलिंबाचा पाला घातला होता म्हणे.

चार दिवसांत उतूचं अंग लोण्यासारखं झालं. गाल गुळगुळीत. रात्रभर झोपली. मी आईच्या गळ्यात पडून रडले. महिनाभर डॉक्टरबाईंचं ऐकून मी पोरीला उगाच खाजवत ठेवलं. त्यांचं मलम कपाटात टाकलं. आई म्हणाली, "तिकडे गेल्यावर कुणाला लावायला देऊ नकोस, तुझं तूच लाव. दुसऱ्याचा हात लागला की गुण जातो."

८ फेब्रुवारी

सासरी येऊन आठवडा झाला. ज्यानं त्यानं उतूचे गाल बघितले. आत्यांनीही उन्हात नेऊन नीट बघितले आणि मोकळ्या मनानं म्हणाल्या, "तुज्या आयच्या हाताला गुण हाय गं." मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, जरा जिंकल्यासारखंही वाटलं.

डबी मी उंच फळीवर ठेवते.

२ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

चार-पाच दिवसांपूर्वी डबी संपली. आई म्हणाली पाठवते. तेवढ्यात उतूचं अंग असं उसळलं की मी घाबरले. गाल, मान, गुडघ्यामागे चिघळून पाणी येतंय. आधी कधीच इतकं नव्हतं. सकाळी मी न्हाणीत गेले तर वाटीत डाळीचं पीठ भिजवलेलं. पिवळं, ताजं. आत्यांची बोटं पिवळी.

मी वाटी उचलून बाहेर आले. ओट्यावर मामा होते, शेजारचे भाऊसो आणि त्यांची बायको होती.

"आत्या, तुम्ही पीठ लावता ना तिला? माझ्या मागं?"

"न्हाई."

"मग हे काय?"

"माज्या हाताला काढलंय. काल मोटरचं ग्रीस लागलंय, साबनानं जाईना."

"तुम्हाला माझ्या पोरीच्या अंगापेक्षा तुमचं खरं करण्यात जास्त रस आहे," मी म्हटलं. आणखीही बोलले. भाऊसोंची बायको पदर तोंडाला लावून ऐकत होती. मामा म्हणाले, "क्रांती, दमानं घे." आत्या पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. खरं असतं तर माणूस भांडतं. गप्प बसतं ते चोरी पकडली गेल्यावरच.

मी या बाईवर विश्वास ठेवला होता. तोंडावर 'तुजी पोरगी' आणि माघारी हे.

आईला फोन करून सगळं ओकले. तिनं आधी डबी कधी संपली तेवढंच विचारलं. मग म्हणाली, "सोडून दे. जुन्या बायकांच्या सवयी जात नाहीत. मी आजच डबी पाठवते." माझी आई आहे म्हणून बरं.

६ मार्च

आत्या उतूला घेत नाहीत. उतू रडली तरी दारात उभ्या राहून टाळ्या वाजवतात, आत येत नाहीत. मी म्हटलं, "घ्या की." तर म्हणाल्या, "नगं. उद्या काय उठलं तर माजंच नाव." जयराजचा फोन आला होता. "तू आईला नीट विचारलंस तरी का?" म्हणाला. विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या होत्या. चोर हो कशाला म्हणेल?

३० मार्च

नवी डबी आली आणि आठवड्यात अंग पुन्हा स्वच्छ. म्हणजे पिठानंच होत होतं, सिद्ध झालं. गाल आता नुसते गुळगुळीत नाहीत, चमकतात. गालांवर बारीक लव आलीय, उन्हात दिसते. आई म्हणते मोठी झाली की जाते.

ठरवलं. सोळा जूनला शाळा. उतूला मी माधवनगरला आईकडे ठेवणार, शनिवार-रविवार मी तिकडे. आठवडाभर पोरगी नजरेला पडणार नाही. पण जिच्या हाती पोर सुरक्षित नाही, तिच्या हाती द्यायचं कसं? मामांना सांगितलं. ते उठून उसात गेले. आत्या आत भाकरी करत होत्या, त्यांनी ऐकलंच असणार.

२१ एप्रिल

काल गावची जत्रा. आई आली होती. मटणाचं जेवण झालं, भांडी घासून झाली आणि आत्या आईसमोर येऊन बसल्या.

"विहीणबाय, त्ये तूप मला बी शिकवा की. तुमी सारखं कवर धाडणार? पोरीला मी हात लावत न्हाई. पर डबी तरी भरून दीन."

आई म्हणाली, "त्याला तांब्याची परात लागते."

"घासून ठिवलीया."

"तूप गाईचंच हवं. म्हशीचं नाही चालत."

"गाईचंच हाय. ह्याच्यासाठीच साठीवलंय."

"पाणी गार पाहिजे."

"हिरीचं काढलंय सकाळीच. माठात हाय."

जत्रेला आलेल्या बायका हसायला लागल्या. "आता काय सुटका न्हाई विहीणबाय," एकजण म्हणाली. आई पदर खोचून बसली. आत्यांनी विचारलं, "लिंबाचा पाला पाण्यात किती टाकू?"

"कसला पाला?" आई म्हणाली.

"क्रांती म्हनली पाल्याचा वास असतोय त्येला."

"हां. पाला. टाका दोन काड्या."

मग आई फेसत बसली आणि आत्या पाणी बदलत बसल्या. आईचा हात भरून आला की ती थांबायची, आत्या म्हणायच्या, "थांबू नगा, तुमचाच हात लागाय पायजे." दुपार कलली तेव्हा तूप पांढरं झालं, हलकं झालं. आत्यांनी नाकाशी नेलं. "आवं, तुपाचा वास बी गेला की!" लहान पोरीसारखं तोंड फुललं होतं त्यांचं. आई मात्र जत्रेत पाकीट हरवल्यासारखी दिसत होती. दमली असेल.

जाताना तिनं मला बाजूला घेऊन पिशवीतून एक डबी दिली. "मी घरून केलेलं आणलंय. हेच लाव. ते राहू दे त्यांच्या समाधानाला."

२६ एप्रिल

मी एक प्रयोग केला. हेतू चांगला नव्हता, तोही लिहिते. आत्यांच्या घरच्या तुपाला गुण नाही हे मला दाखवून द्यायचं होतं. म्हणून उतूच्या उजव्या गुडघ्याला आईनं आणलेल्या डबीतलं लावलं, डाव्याला जत्रेच्या दिवशी केलेलं. बाकी सगळं सारखं.

आज उजवा गुडघा स्वच्छ आहे. डावा लाल, खरबरीत, रात्री खाजवून ओरखडे काढलेले.

आत्यांना बोलावून दाखवलं. त्या बिचाऱ्या वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "आनि ह्ये तूप बी त्यांच्याच हातचं की गं."

त्या गेल्या. मी तशीच बसले आहे.

आठवीच्या पोरांना मी घसा कोरडा करून सांगते, एकच गोष्ट वेगळी ठेवा, म्हणजे फरक कशानं पडला ते कळेल. दोन्हीकडे तूप गाईचं. परात तांब्याची. पाणी, पाला, सगळं तेच. आणि हातसुद्धा आईचेच, मी समोर बसून बघितलेत. म्हणजे गुण हातात नाही. गुण डबीत आहे.

आईला फोन लावावा असं वाटलं आणि लावला नाही. का लावला नाही ते लिहायची हिंमत नाही.

२८ एप्रिल

डॉक्टरबाईंनी उतूला बघितलं. गालावरून बोट फिरवलं, खिडकीच्या उजेडात धरलं. मग डबी उघडून थोडं बोटावर घेतलं.

"हे तूपच असेल. पण यात आणखी काहीतरी मिसळलेलं असणार. हिची कातडी पातळ झालीय, बारीक शिरा दिसायला लागल्यात, गालावर केस आलेत. जोरकस स्टेरॉइडचं मलम बाळाला खूप दिवस लावलं की असं होतं."

"तुम्ही दिलेल्या मलमातही स्टेरॉइडच होतं ना?" मी विचारलं. मला कुणाशी तरी भांडायचं होतं.

"होतं. सौम्य, लाल जागेपुरतं, थोडे दिवस. आणि काय लावताय ते तुम्हाला ठाऊक होतं. हे एकदम थांबलं की अंग आधीपेक्षा जास्त उसळतं. मध्ये असं झालं होतं का? डबी संपली की?"

डबी संपली की.

मी मान हलवली. पिठाची वाटी डोळ्यांसमोर आली. आत्यांची पिवळी बोटं आली, भाऊसोंची बायको आली. डॉक्टरबाई पुढचं सांगत होत्या, हे हळूहळू कसं उतरवायचं, कोणतं मलम कधी, अंग तापलं किंवा पिवळसर खपली धरली तर लगेच आणायचं. मी त्यांना सगळं लिहून द्यायला सांगितलं, कारण माझ्या कानात काही शिरत नव्हतं.

२ मे

आज माधवनगरला जाऊन आले. उतूला नेलं नाही. शेजारच्या भाऊसोंच्या सुनेकडे ठेवून गेले, कारण आत्यांना 'घ्या' म्हणायला मला तोंड नव्हतं.

आई शेंगा सोलत होती. मी डबी तिच्यासमोर ठेवली.

"यात काय घालतेस?"

"तूप आहे ते."

"आई."

ती थोडा वेळ शेंगाच सोलत राहिली. "ट्यूब असते एक. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला देतो. सगळेच नेतात." मग वर बघून जरा चढ्या आवाजात म्हणाली, "बरं झालं ना पोरीचं अंग? तुझं नव्हतं का झालं?"

"माझं?"

"शाळेत जाईपर्यंत फुटत होतीस तू. तोंड, हात, पाय. रात्र रात्र मी तुझे हात धरून बसायची."

माझ्या दोन्ही कोपरांच्या आत पांढरट, पातळ कातडी आहे. लहानपणी गरम दूध सांडलं होतं. असं मला सांगितलेलं आहे. मी आईला हात दाखवला.

"दूध नव्हतं सांडलं," ती म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं, एखादी साधी गोष्ट सांगावी तसं. स्थळ आलं तेव्हा दादासोंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं होतं, मुलीच्या अंगाचं, श्वासाचं काही नाही ना. आईनं नाही सांगितलं होतं. "मग पोरीच्या गालावर तेच उठलं. उद्या म्हणाले असते, हे आईकडनं आलं, फसवलं आम्हाला. तुला टोचून खाल्लं असतं. बोरन्हाणात काकू काय बोलली ऐकलंस ना? मला ते कुणाच्या नजरेला पडायच्या आत घालवायचं होतं."

"आणि आत्या? मी चार लोकांत त्यांना वाट्टेल ते बोलले. त्याच दिवशी तुला फोन केला. तुला माहीत होतं पिठानं झालेलं नाही."

आईनं शेंगांची टोपली जवळ ओढली. "मला वाटलं, तुमचं तुम्ही आपसात मिटवाल."

ट्यूबचं मी कदाचित कधीतरी समजून घेईन. हे वाक्य नाही. दुसऱ्या बाईला तिनं माझ्या हातून मार खाऊ दिला आणि वर मला डबी पाठवली. माझ्या आईसारखी आई कुणाची नाही म्हणून मी मिरवत होते. फसवलं मला. परक्या कुणी नाही, माझ्या आईनं फसवलं. बसमध्ये सांगलीपासून घरापर्यंत मी रडत आले, आणि शेजारची बाई समजली की माझं कुणी गेलंय.

३ मे

आत्या भाकरी थापत होत्या. मामाही तिथेच होते. मी सगळं सांगितलं, माझं लहानपण, लग्नाआधीचं खोटं, ट्यूब, सगळं. "आत्या, मी तुमच्यावर आळ घेतला. चुकलं माझं."

मामा म्हणाले, "अंगाचं इचारलं व्हतं व्हय मी? मला आठवत बी न्हाई."

ज्या प्रश्नापायी हे सगळं झालं, तो त्यांना आठवतसुद्धा नाही.

आत्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. पदरानं हात पुसले. "पोरगी घिऊ का आता?" म्हणाल्या.

मी उतूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिला छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ हलल्या नाहीत. भाकरी करपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पर क्रांती, त्या दिशीचं इसराय मला येळ लागंल. भाऊसोच्या बायकूफुडं बोललीस तू मला."

लागू दे.

२४ मे

वाईट आठवडे चाललेत. अंग आगीसारखं लाल, सोलवटलेलं. उतूच्या हातांना सुती मोजे बांधलेत तर ती दातांनी मोजे ओढते. ओलं कापड, मलम, पुन्हा मलम. दोनदा इस्लामपूरला नेलं. डॉक्टरबाई म्हणतात, अपेक्षेप्रमाणे आहे, उतरणीला लागलंय. मला काही उतरणीला लागलेलं दिसत नाही.

काल ती किंचाळत होती आणि मला डबी हवीशी वाटली. डबी टाकून दिलीय, पण कोपऱ्यावरचा मेडिकलवाला इस्लामपुरातही असेलच. एक बोट लावलं तर उद्यापर्यंत शांत होईल, हे मला ठाऊक आहे. आईलाही असंच वाटत असेल तेव्हा, माझे हात धरून बसलेली असताना. हे मला कळतं. कळून काही उपयोग नाही, तिचा फोन मी घेत नाही. ती रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवते. त्यावर 'शुभ सकाळ' असतं, दुसरं काही नसतं.

१६ जून

शाळेत गेले. उतू आत्यांजवळ. संध्याकाळी आले तर आत्या भाऊसोंच्या बायकोला ओट्यावर बसवून शिकवत होत्या, "अंग वलं हाय तवरच लावायचं. वाळल्यावर काय उपेग न्हाई. आनि चोळायचं न्हाई, टिपायचं." भाऊसोंची बायको मान डोलवत होती. जणू त्वचेचा दवाखाना आमच्याच ओट्यावर उघडलाय.

गुडघे अजून लाल आहेत. पण आज उतू मोज्यांशिवाय झोपली.

२७ ऑगस्ट

उतू एक वर्षाची झाली. गाल बरे आहेत, लव जात चाललीय. परवा पुन्हा मानेला उठलं, लावलं, बसलं. येतं, जातं.

आईला बोलवायचं नाही असं मी ठरवलं होतं. आत्याच म्हणाल्या, "आज्जी हाय ती. बोलीव." मग बोलावलं. मे महिन्यानंतर आज पहिल्यांदा तिला बघितलं. वाळलीय. आली तेव्हा पिशवी तिनं बाहेर पायरीवरच ठेवली, आत आणलीच नाही. उतूनं तिला ओळखलं नसावं, पण हसली आणि रांगत तिच्या दिशेनं निघाली. आईनं वाकून दोन्ही हात पुढे केले.

"आई, आधी हात धुऊन ये," मी म्हटलं.

घरात पाहुणे होते. मामांनी जयराजकडे बघितलं, तो कालच सुट्टीवर आलाय. मी उतूला मध्येच उचलून घेतलं. आत्या उठल्या आणि टॉवेल घेऊन आईच्या मागे मोरीपर्यंत गेल्या. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

आई परत आली. कोपरापर्यंत धुतलेले हात. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले, मग हात उलटे करून दाखवले. लहानपणी जेवायला बसण्याआधी मी तिला दाखवायची, तसेच.

"बघ," म्हणाली.

मला म्हणायला हवं होतं, राहू दे गं आई. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं, मलाही. पण मी बघितले. नखं बघितली. वाकून वासही घेतला. साबणाचा होता.

मग उतूला तिच्याकडे दिलं, आणि ती जाईपर्यंत तिच्या हातांवरची नजर काढली नाही.